रोस्टचं दुसरं टोक

आमच्या बिंडारा गावात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. त्या दिवशी कुत्रीसुद्धा पाण्याच्या टाकीखालचा ओलावा सोडून उठत नाहीत. अशा उन्हात मी सकाळी ओव्हन लावते आणि दुपारपर्यंत त्याच्यासमोर उभी असते. बाकीचा देश केव्हाच शहाणा झालाय. लोक थंडगार कोळंबी खातात, हॅमचे गार काप खातात, आंबे खातात आणि पाण्यात पाय सोडून बसतात. आमच्याकडे मात्र बीफचं रोस्ट, तेही गरम, सोबत भाजलेले बटाटे, लाल भोपळा आणि वरून कढत ग्रेव्ही. माझे सासरे एरल हे या गावचे खाटीक. खाटकाच्या घरी नाताळाला गार जेवण म्हणजे त्यांच्या मते चारचौघांत नाक कापून घेणं.

लग्न होऊन आले तेव्हा मला याचं मोठं कौतुक होतं. आता साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, आणि कौतुक करायलाही अंगात जोर लागतो. पण यंदा मी दमले होते ती रोस्टमुळे नव्हे. रोस्ट बिचारं वर्षातून एकदा येतं. एरल रोज होते.

सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडेच राहायला आले. पहिली काही वर्षं बरी गेली. मग गेल्या उन्हाळ्यापासून त्यांच्या डोक्यात धुकं उतरायला लागलं. कधी ते उठून आपलं जुनं दुकान उघडायला निघत. तिथे आता केस कापायचं दुकान आहे, आणि तिथली पोरगी मला फोन करून बोलवून घेई. कधी गॅस चालू राही. रात्री हाका मारत त्या सासूबाईंच्या नावाने, आणि उठायची मी. माझा नवरा रसेल गुरांचा ट्रक चालवतो. आठवड्यातले चार दिवस तो रस्त्यावर असतो आणि उरलेले तीन झोपलेला.

गावातल्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी झाली होती. नव्या वर्षापर्यंत आश्रमवाले ती राखून ठेवणार होते. पण एरलनी डोकं शाबूत असताना ठरवून ठेवलं होतं की त्यांच्याबाबतीत काहीही करायचं तर मुलगा आणि मुलगी दोघांचा होकार पाहिजे. मुलगा तयार होता. मुलगी नोलीन, ब्रिस्बेनला राहणारी, तयार नव्हती. ती दर रविवारी फोन करते. फोनवर एरल तिच्याशी क्रिकेटचं बोलत, गुरांच्या बाजाराचं बोलत, एखादा विनोदही करत. मग फोन ठेवून मला विचारत, "कोण होती गं ती?" दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही.

"तू काही बोलू नकोस," रसेल मला आदल्या दिवशी म्हणाला होता. "टेबलावर डॅडच्या हातात सुरी दे आणि गप्प बस. नोलीन स्वतःच्या डोळ्यांनी बघेल."

आमच्या घरात नाताळाचं रोस्ट एरलच कापतात, टेबलाच्या टोकाशी उभं राहून, सगळ्यांसमोर. कडेचा भाजून काळपट झालेला पहिला तुकडा सगळ्यांना हवा असतो. तो नोलीनचा. ती पाच वर्षांची असल्यापासून तिचा. पुढचे काप इतके पातळ की पलीकडचं दिसावं. पण दोन-तीन आठवड्यांपूर्वी मी साधंच मांस शिजवून त्यांच्यापुढे ठेवलं, तर ते सुरी घेऊन नुसते बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "सुरुवात कुठून करायची?" जन्मभर ज्या माणसाने दुसरं काही केलं नाही, तो मला विचारत होता. मी रसेलला ते सांगितलं, आणि त्यावरूनच त्याला ही युक्ती सुचली होती.

मी हो म्हणाले होते. सांगायला लाज वाटत नाही. मला झोप हवी होती.

नोलीन अकराच्या सुमाराला आली, नवरा ग्रॅहम आणि भली मोठी बर्फाची पेटी घेऊन. जाळीचा दरवाजा पायाने ढकलत ओरडली, "डेस! अगं काय गं ही भट्टी करून ठेवलीस घराची! कोळंबी आणलीय मी, दोन किलो. बंद कर तो ओव्हन."

"तुझ्या बापाला सांग," मी म्हटलं. "आणि दार लाव, माश्या येतात."

"कुठंय माझा राजा?"

तिचा राजा व्हरांड्यात होता, मी दाढी करून दिलेला, मी बटणं लावून दिलेला, स्वच्छ शर्टातला. "काय रे डॅड, ओळखलंस का मला?" तिने विचारलं.

"वजन वाढलंय, पण ओळखलं," एरल म्हणाले. नोलीन खो खो हसली आणि तिने माझ्याकडे वळून असं बघितलं, जणू मी इतके दिवस म्हाताऱ्याची बदनामी करत होते.

मी स्वयंपाकघरात परतले. मांस ओव्हनमधून काढून झाकून ठेवलं होतं. बरगडीवरचं मांस, हाडं काढून, गुंडाळून, दोरीने बांधलेलं. आदल्या रात्रीच मीठ चोळून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर त्याला निवांत पडू द्यायचं असतं, नाहीतर सगळा रस कापायच्या फळीवर वाहून जातो. घरात तेवढं एकच जण निवांत पडलेलं होतं. मी बटाटे उलटले, भोपळ्याकडे बघितलं, घाम पुसला. तेवढ्यात मागून आवाज आला, सुरीला धार लावण्याचा.

एरल आत आले होते. त्यांनी कुठूनतरी आपला जुना निळ्या पट्ट्यांचा एप्रन शोधून काढला होता आणि गळ्यात अडकवला होता. लोखंडी कांबीवर सुरी या बाजूने, त्या बाजूने, झपझप चालली होती. हातांना ते आठवत होतं. मग हात थांबले. त्यांनी दाराकडे बघितलं, बाहेर नोलीनचं हसणं चालू होतं, आणि ते माझ्या जवळ आले.

"डेसली," त्यांनी मला माझ्याच नावाने हाक मारली. "आज सगळे बघणार ना?"

"हो डॅड."

"मला..." त्यांनी मांसाकडे सुरीने खूण केली. पुढचं बोलवेना.

आता मी काय करायला हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. म्हणायला हवं होतं, चला, बाहेर चला, जमेल तुम्हाला. मग नोलीन बघेल, रडेल, हो म्हणेल, आणि महिन्याभरात मी रात्रभर झोपेन. मी ओट्याला धरून उभी राहिले. मग त्यांच्या हातातून सुरी घेतली आणि म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा. मी हाक मारते."

ते गेल्यावर मी मांसाच्या दोऱ्या कापून काढल्या. सगळं रोस्ट कापलं, पातळ, त्यांच्यासारखंच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. काप विस्कटू न देता परत एकाला एक चिकटवून उभं केलं, दोन्ही बाजूंनी दाबलं, आणि नवी दोरी घेऊन लांबीच्या बाजूने करकचून बांधलं. वरून चमचाभर ग्रेव्ही फिरवली. बघणाऱ्याला कळलं नसतं. गाठ मी खाटकाची मारली. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात एरलनीच शिकवली होती ती, दुकानात, गिऱ्हाइकांची रांग दारापर्यंत गेलेली असताना.

टेबलाभोवती सगळे नाताळातले कागदी मुकुट घालून बसले. डोक्यावरचा पंखा गरम हवा ढवळत होता. मी ताट एरलच्या पुढे ठेवलं, वाकून कानात म्हटलं, "फक्त दोरी कापा," आणि माझ्या जागेवर बसले. समोरून रसेल माझ्याकडे बघून भुवया उंचावत होता. मी मिठाच्या भांड्याकडे बघत राहिले.

एरल उभे राहिले. मुकुट कानावर घसरलेला. त्यांनी काटा रोवला, सुरी दोरीखाली घातली आणि एका झटक्यात ती तोडली. मग सुरी मांसावर ठेवली, जराशी हलवली, आणि पहिला तुकडा अलगद बाजूला पडला.

"नोलीन," ते म्हणाले.

"माझं टोक!" नोलीनने ताट पुढे केलं. पन्नाशीची बाई, पण आवाज पाच वर्षांचा. मागोमाग काप पडत गेले, एकसारखे. ग्रॅहमने टाळ्या वाजवल्या. "बापरे! आमच्याकडे मी पाव कापला तरी वाकडातिकडा जिना होतो."

"या हाताला बघ काही झालंय का?" नोलीन रसेलकडे वळली. तोंडात घास होता, आवाज मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आणि तुम्ही लोक निघालात त्याला तिथे नेऊन टाकायला. मी सांगते, कळवून टाका त्यांना, जागा नकोय म्हणावं. डेस दमली असेल तर दोन आठवडे माझ्याकडे येऊन राहा म्हणावं. समुद्र बघेल, बरं वाटेल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला नोलीनचा राग आला, रसेलच्या त्या भुवयांचा आला, आणि खरं सांगायचं तर त्या म्हाताऱ्याचाही आला, इतकं छान कापल्याचं सोंग केलं म्हणून. सगळ्यात जास्त स्वतःचा आला. माझ्या ताटात दोन काप होते. ते खायची ताकद नव्हती. रसेलने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी माझा पाय काढून घेतला.

जेवण चाललं. बटाटे संपले, ग्रेव्ही परत आणली. एरल खात नव्हते. तोडलेली दोरी त्यांनी ताटातून उचलली होती आणि बोटांत फिरवत होते. गाठ शाबूत होती. ते तिच्यावर अंगठा चालवत होते, पुन्हा पुन्हा.

"नोलीन," ते म्हणाले.

"हं, डॅड?"

"मी नाही कापलं."

"काय?"

"मांस. मी नाही कापलं. मी नुसती दोरी तोडली."

नोलीन हसली. "चेष्टा पुरे रे. आम्ही काय आंधळे आहोत?"

"ही गाठ बघ." त्यांनी दोरी तिच्या ताटाशेजारी ठेवली. "दुकानाची गाठ आहे. ही मी या घरात एकीलाच शिकवली. रसेलला कधी जमली नाही."

"नाही जमली," रसेल खाली मान घालून म्हणाला.

"शर्ट हिने घालून दिला," एरल म्हणाले. ते शब्द शोधत होते, एकेक करून. "दाढी हिने केली. रात्री... रात्री हीच येते. मला वाटतं तुझी आई आहे. मग दिवा लागतो आणि ही असते." ते थांबले. धुकं परत येईल असं मला वाटलं, पण आलं नाही. "त्या जागेचं तू आत्ता बोललीस ना? मी बहिरा नाहीये. तिथे बीफ देतात का?"

रसेल म्हणाला, "देतात, डॅड. रविवारी."

"करपवत असतील."

"करपवतात म्हणे."

"मग मी जाऊन सांगतो त्यांना."

नोलीनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, डोक्यावर कागदी मुकुट तसाच. तिने दोरी उचलली, परत ठेवली, आणि माझ्याकडे बघितलं. "तू मला सांगितलं का नाहीस, डेस?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "दर रविवारी."

"रडतेस काय," एरल तिला म्हणाले. "मी मेलो नाहीये. जेव." मग नोलीनने नाक पुसलं आणि रसेलला म्हणाली, "ठीक आहे. कळव त्यांना. हो म्हणून कळव." एवढंच. वर्षभर मी ज्याची वाट बघत होते ते तेवढ्यात झालं, भोपळ्याचं भांडं पुढे सरकवावं तसं.

ताटात आता रोस्टचा एकच तुकडा उरला होता, पलीकडच्या कडेचा. काळपट, खरपूस, पहिल्यासारखाच. एरलनी तो काट्याने उचलला. ग्रेव्हीचे थेंब टेबलक्लॉथवर माझ्यापर्यंत पडत आले. त्यांनी तो माझ्या ताटात ठेवला.

"मांसाला दोन टोकं असतात," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी एकच दिलं."

"गार झालाय, डॅड," मी म्हटलं, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

"खा."

ते माझ्याकडे बघत होते, मुकुट कानावर, स्वच्छ शर्टात. आणि इतके दिवस मी जे मागत होते ते मिळालं असताना माझ्या जिभेवर भलतेच शब्द आले. राहा ना, डॅड. जमेल आपल्याला. अजून थोडे दिवस. अगदी ओठांपर्यंत आले. मी ते बोलले असते तर नोलीनने लगेच झेलले असते, आणि मला ठाऊक होतं, मी यापुढे एक रात्रही काढू शकणार नव्हते.

मी तो अख्खा तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिले.