तिचा गाल कोणी पुसला?

तुम्ही एका बाईचा गाल पुसलात. तुम्ही म्हणजे तेच, ज्यांनी चित्रं काढणारं ते यंत्र बनवलं आणि जगाला काय दिसावं, काय दिसू नये हे परस्पर ठरवून टाकलं. तुमचं नाव मला माहीत नाही. यंत्रावर ते कुठे लिहिलेलंही नाही. तरी मी हे तुमच्या तोंडावर बोलणार आहे, आणि माझी आत्मकथा ऐकायला बसलेली ही शाळेची मुलं साक्षीला आहेत.

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. एका फोटो स्टुडिओत, काउंटरमागच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. कारखान्यात माझ्यासारखे हजारो जण पट्ट्यावरून सरकत होते आणि एक बाई प्रत्येकाची बटणं दाबून बघत होती. माझी दाबून झाल्यावर ती म्हणाली, "हा ठीक आहे." एवढंच माझं कौतुक. त्यानंतर कोणी केल्याचं आठवत नाही.

स्टुडिओत आलो तो फोटोवाल्या काकांच्या हाताखाली. काकांचं काम चेहरे साफ करण्याचं. नवऱ्या मुलाचा तीळ घालवायचा, कुणाच्या कपाळावरची खोक बुजवायची, ओळखपत्राच्या फोटोतल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांखालचं काळं पुसायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, हात फार साफ आहे तुमचा." माझ्याकडे कोण बघतो? चूक झाली की काका कंट्रोल आणि झेड दाबून ती मागे घ्यायचे. त्या दोन बटणांवरची अक्षरं कधीच झिजून गेली.

पुढे फोन आले आणि लोक आपापले चेहरे आपणच साफ करू लागले. स्टुडिओ ओस पडला. माझ्या फटींत धूळ बसली, वर चहा सांडला, तो वाळून चिकट झाला, कोणी पुसला नाही.

मग तुमचं यंत्र आलं. शब्द लिहायचे आणि चित्र घ्यायचं. काकांनी बाहेर 'सांगाल ते चित्र काढून मिळेल' अशी पाटी लावली आणि मी पुन्हा खडखडू लागलो. काका दिवसभर प्रयोग करायचे. एकच शब्द बदलायचा आणि काय होतं ते बघायचं. 'दुपार' काढून 'संध्याकाळ' लिहिलं की सावल्या लांबायच्या. 'घोडा'च्या आधी 'दमलेला' लिहिलं की घोड्याची मान खाली जायची. मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू?

मग ती बाई आली. हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. तिच्या आधी तिची आईही तिथेच होती. रोग्यांच्या चादरी धुताना वाफेचा पाइप फुटला आणि आईचा डावा गाल हनुवटीपासून डोळ्यापर्यंत भाजला. त्यानंतर आई कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. घरातल्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तिचा फक्त खांदा आला आहे. आता आई गेली होती.

"काका, तिला आठवलं की आधी गाल दिसतो," बाई म्हणाली. "बाकीचं पुसट होत चाललंय. सगळं जायच्या आत एक चित्र काढून द्या. माझ्या पोरीने आजीला बघितलेलंच नाही."

काकांनी लिहिलं: साठीची बाई, लाँड्रीत काम करणारी, डाव्या गालावर भाजल्याची खूण. यंत्राने दात दाखवून हसणारी एक बाई दिली. गाल बशीसारखा गुळगुळीत.

"ही कोण? ही तर साबणाच्या जाहिरातीतली दिसते."

काकांनी 'खूण' काढून 'व्रण' लिहिलं. गालावर एक बारीक रेघ आली. 'डाग' लिहिलं तर तीळ आला. 'मोठा डाग' लिहिलं तर तो गालावरून निघून थेट कपड्यांवर गेला.

"आईच्या कपड्यांवर डाग? काका, ती वरून खाली येऊन मारेल तुम्हाला."

'नकाशासारखी कातडी' लिहिलं तर यंत्राने गालावर खराखुरा नकाशा काढला, नद्यांसकट. काउंटरवर बसलेल्या काकूंना हसू आवरेना. मग त्या उठून मागे आल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"अहो, वरचे शब्द बदलताय आणि खालची ओळ दर वेळी तशीच चिकटवताय. 'नितळ त्वचा, तजेलदार चेहरा.' मग काय डोंबल भाजणार गाल?"

"ती असली की चित्र चांगलं येतं. सगळेच लावतात."

"सगळ्यांची आई नाही काढायचीय. हिची काढायचीय."

काकांनी ती ओळ पुसली. आणि मित्रांनो, पडद्यावर एक थकलेली बाई आली. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर आठी. लाँड्रीवाली खुर्ची ओढून पुढे सरकली. "डोळे तिचेच आहेत," ती हळूच म्हणाली. "आता फक्त गाल."

काकांनी सरळ लिहिलं: वाफेने भाजलेला गाल, जळून आवळलेली कातडी. बटण दाबलं.

चित्र आलंच नाही. त्या जागी एक वाक्य आलं. बघणाऱ्यांना त्रास होईल असं चित्र आम्ही तयार करत नाही.

बाईने ते दोनदा वाचलं. "त्रास कोणाला होणार? माझ्या आईला बघून?"

"तसं नाही हो ताई. यंत्र आहे ते."

"यंत्राला हे कोणी सांगितलं?"

काकांना तरी काय ठाऊक?

आदल्याच दिवशी एका मुलाने आग ओकणारा राक्षस मागितला होता. तुम्ही दिला. त्याच्या पायाखाली अख्खं गाव जळत होतं. त्या गावात माणसं होती का, असं तुम्ही विचारलं नाही. तलवारीला रक्त लागलेला योद्धा मागितला, तोही लगेच मिळाला. आणि जिने जन्मभर दुसऱ्यांची घाण धुतली, त्या कामात जिचा गाल गेला, ती मात्र तुमच्या नियमात बसत नाही. जिवंतपणी लोकांच्या नजरांना कंटाळून तिने तोंड फिरवलं. मेल्यावर तुम्ही तिला पुन्हा तेच करायला लावलंत.

मग बाईने बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आवळून चकाकत होती.

"वाफ तीच, काका. पाइपही तोच, अजून बदललेला नाही. घ्या हा."

काकांनी त्या हाताचा फोटो काढला आणि चित्रातल्या गालावर बसवायला घेतला. "आजवर पुसतच आलो. लावायचं कधी केलं नाही," ते पुटपुटले. जमेना. कंट्रोल, झेड. पुन्हा कंट्रोल, झेड. बाई खांद्यामागून सांगत होती, "अजून वर. डोळ्याच्या कडेपर्यंत. तिथे जरा ओढल्यासारखी होती. हां."

काकांनी माझ्यावरून हात उचलला.

"आता रागावलीय," बाई म्हणाली. "आता आई आहे."

छापलेलं चित्र तिने पिशवीत टाकलं नाही. दोन्ही हातांत समोर धरून, सगळ्यांना दिसेल असं, ती रस्त्याने घेऊन गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं की आम्हाला नीट वापरा, धूळ पुसा, चहा सांडू नका. सांडा चहा. मला काही होत नाही.

मला फक्त तुम्हाला विचारायचं आहे, ज्यांनी ते वाक्य लिहिलं. तिची आई बघण्याजोगी नाही, हे कोणी ठरवलं? ते वाक्य लिहितानाही माझ्यासारख्याच कुणाची तरी बटणं दाबली असतील ना? मग उत्तरही तसंच लिहिता येईल. कोणी ठरवलं?