दुखवट्याचे लुगडे

सन दोन हजार तेवीस, जून महिन्याचा पहिला रविवार, सकाळची वेळ. स्थळ, वाशीम शहरात रेल्वे स्थानकाकडच्या वस्तीतले दोन खोल्यांचे घर. ह्या दिवशी व ह्या ठिकाणी रामकिसन याने आपली पत्नी द्वारका हिच्यासमक्ष असे जाहीर केले की, वैष्णवीच्या लग्नात घराची जी घडी विसकटली ती पुन्हा बसेपर्यंत ह्या घरात एकही नवे वस्त्र विकत येणार नाही.

ऐकायला द्वारकेखेरीज कोणी नव्हते. एकुलती एक लेक पंधरा दिवसांपूर्वीच सासरी गेली होती, आणि तिच्या जाण्याने मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात आहेराची लोखंडी पेटी येऊन बसली होती.

रामकिसन एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर होता. उधळेपणाचा डाग त्याच्यावर शत्रूनेही ठेवला नसता. लग्न ठरले तेव्हा त्याने प्रत्येक बाब तोलून-मापून मान्य केली, आणि फसगत झाली ती नेमकी तिथेच. कारण एकेकटी पाहिली तर प्रत्येक बाब माफकच होती. मंगल कार्यालय घेतले, कारण दारापुढे मांडवाला जागा नव्हती. कार्यालय घेतले म्हणून पंगतीऐवजी उभ्याचे जेवण आले. जेवण आले म्हणून दुसरे गोड आले. आणि व्याह्यांकडच्या पोरांचे मन मोडू नये म्हणून आकाशातून चित्रे टिपणारा छायाचित्रकार आला. त्याचे ते भिरभिरणारे यंत्र पाहून शिरपूरचे बबनराव, म्हणजे रामकिसनच्या मोठ्या बहिणीचे यजमान, चार माणसांत म्हणाले होते, "रामकिसन, लग्न वैष्णवीचं आहे का आमदाराच्या पोरीचं?" सगळे हसले, रामकिसनही हसला. मांडव उतरल्यावर मात्र पतसंस्थेचे कर्ज डोक्यावर आणि द्वारकेच्या मंगळसूत्राची सोन्याची पोत सराफाच्या तिजोरीत गहाण, अशी स्थिती होती. तेव्हापासून द्वारका काळ्या मण्यांची साधी सर घाली. ती ताट वाढायला वाकली की रामकिसन खाली पाही.

नियम केला तो त्याने पाळलाही. मोटारसायकल बारदानाखाली झाकून तो पायी कामाला जाऊ लागला. दूरचित्रवाणीची वर्गणी बंद झाली. बाजार उठण्याच्या वेळेला भाजी येऊ लागली. आणि नातेवाइकांतली लग्ने, बारशी, वास्तू ह्यांचा सारा आहेर त्या लोखंडी पेटीतून निघू लागला.

ह्यात लपवण्याजोगे काही नव्हते. आलेला आहेर पुढच्या घरी द्यायचा, ही वऱ्हाडात घरोघर चालणारी गोष्ट आहे. एखादी साडी घडी न मोडता चार घरे फिरते आणि पाचव्या घरी नेसली जाते. सांभाळायचे ते इतकेच, की जिने दिली तिच्याच दारात ती परत जाऊ नये. हे भान द्वारकेकडे होते. पेटी उघडली की ती एकेका साडीचे गोत्र सांगे.

"ही जांभळी कोनाची?" रामकिसन विचारी.

"तुमच्या मामेभावाची. सेलमधली आहे. मावशीच्या नातीले द्या, तिले रंग समजत नाही."

"अन् ही?"

"तिले हात लावू नोका. ते मावशीच्याच इथून आली आहे. देल्ली तं वाजतगाजत वापस येईन."

अशा रीतीने घर हळूहळू वळणावर येत होते. दिवाळीत बबनराव गिरणीचा पट्टा घ्यायला वाशीमला आले. शिरपूरला त्यांची पिठाची गिरणी होती. मिशांवर, भुवयांवर कायम पिठाची साय असलेला हा माणूस आला की दोन खोल्यांच्या घराला तिसरी खोली फुटल्यासारखे वाटे. कपातला चहा त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला.

"रामकिसन, ह्याच्यात पत्ती टाकली होती, का नुसती दाखवली?"

"दाजी, दुधाचा भाव काय झाला माहीत आहे का तुमाले?"

"मले एवढंच माहीत आहे, का असा चहा पाजला तं पाहुना दुसऱ्यांदा येत नाही. तुहं बरोबर चालून राह्यलं."

आतल्या खोलीत द्वारका हसली. कित्येक महिन्यांत त्या घरात असे हसू झाले नव्हते. जाताना बबनरावांनी ज्वारीच्या पिठाची पिशवी दारामागे ठेवली, आणि रामकिसन काही बोलणार तोच म्हणाले, "गिरणीत उरलं होतं. तिथं उंदरं खातीन, इथं तू खाय." गिरणीत पीठ उरत नसते, हे रामकिसनला कळत होते. पिशवी त्याने उचलून आत नेली. वर्ष सरता सरता पतसंस्थेचे ओझे निम्म्यावर आले आणि होळीपर्यंत पोत घरी येईल असा अदमास दिसू लागला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बबनराव गिरणी बंद करून घरी आले, जेवण नको म्हणाले, आणि उजाडेपर्यंत राहिले नाहीत.

नवरा-बायको दोघेही शिरपूरला धावले. द्वारका मनकर्णाबाईजवळ, म्हणजे रामकिसनच्या त्या मोठ्या बहिणीजवळ, राहिली. रामकिसन प्रात्यक्षिक परीक्षांमुळे परतला. तेरवीला त्याने जायचे होते, आणि जायचे ते रिकाम्या हाताने नव्हे. त्या दिवशी विधवेला माहेरचे लुगडे येते. भाऊ ते आणतो, ती न्हाऊन नेसते, आणि मग भाऊ तिला चार दिवस माहेरी नेतो. त्या लुगड्याचा अर्थ सांगावा लागत नाही: धनी गेला तरी तुझ्या पाठीमागे कोणी आहे.

तेरवीच्या आदल्या दिवशी द्वारकेचा फोन आला.

"येतांनी कोरं लुगडं घेऊन या. पेटीतलं आनू नोका."

"पेटीतलंही कोरंच आहे. एकीचीही घडी मोडली नाही."

"कोरं म्हंजे दुकानातून आपन घेतलेलं. लग्नातलं लुगडं दुखवट्याले देत नाहीत."

"कापडाले काय समजते, लग्न का दुखवटा?"

"कापडाले नाही समजत. मनकर्णाबाईले समजते." "मी वाद घालून राह्यली नाही तुमच्याशी. घेऊन या."

रामकिसन बाजारात गेला नाही असे नाही. तो दुकानाच्या पायरीपर्यंत गेला. आत गाद्यांवर साड्या पसरलेल्या होत्या, आणि काचेवर लिहिलेल्या किमती बाहेरूनच वाचता येत होत्या. खिशात पैसे होते. पण ते पोतीसाठी बाजूला काढलेले होते, आणि सात महिन्यांत त्याने एकदाही नियम मोडला नव्हता. पायरीवर उभ्या उभ्या त्याने मनाशी युक्तिवाद मांडला. जे वापरलेले नाही ते कोरे. दुःख माणसाचे असते, वस्त्राचे नसते. आणि जिचा गळा सात महिने सोन्यावाचून आहे तिच्याशीही आपले काही कर्तव्य आहेच. प्रत्येक मुद्दा एकेकटा पाहिला तर बिनतोड होता. तो मागे फिरला.

घरी येऊन मात्र त्याने निवड मनापासून केली, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. वरच्या भडक साड्या त्याने बाजूला सारल्या. पेटीच्या अगदी तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात जपून गुंडाळलेली एक साडी सापडली: राखाडीवर झुकणारा निळा रंग, बारीक काठ, हाताला मऊ. इतकी जपलेली आहे त्या अर्थी सगळ्यांत उंची हीच, असे त्याने अनुमान केले. अनुमान बरोबर होते. ती का जपली होती, हे विचारायला द्वारका घरात नव्हती.

तेरवीच्या दिवशी शिरपूरच्या त्या अंगणात माणूस मावत नव्हता. सतरंजीवर मनकर्णाबाई बसल्या होत्या. तेरा दिवसांत त्या तेरा वर्षांनी थकल्या होत्या. रामकिसनने पिशवीतून साडी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. शेवंताबाई नावाच्या त्यांच्या थोरल्या जावेने ती उचलली, घडी मोकळी केली, आणि पदर त्यांच्या खांद्यावर घालताना काठ उलटून पाहिला.

"पाहा वं, फॉल बी लावून आनला," ती बायांना म्हणाली. "आहेराच्या लुगड्याले कोन एवढं करते? असा भाऊ पायजे."

फॉल लावला आहे हे रामकिसनलाही त्याच क्षणी कळले. तरीही त्याने मान खाली घातली, आणि ती स्तुती स्वीकारली.

मनकर्णाबाईंनी काठ हातात घेतला. फॉलच्या टाक्यांवरून त्यांचा अंगठा सावकाश पुढे गेला, मागे आला. मग त्यांनी वर पाहिले. पाहिले ते भावाकडे नाही, द्वारकेकडे. द्वारका पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. ती होती तिथेच थांबली. मनकर्णाबाई उठल्या, आत जाऊन न्हाल्या, तेच लुगडे नेसून बाहेर आल्या आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडल्या.

पंगती उठल्यावर द्वारकेने नवऱ्याला गिरणीच्या मागे बोलावले.

"कुठून काढली?"

"पेटीतून. तुले वाईट वाटलं असन, पन..."

"पेटीतून कुठून, म्हनलं मी."

"तळातून. धोतराच्या फडक्यात होती."

द्वारकेने भिंतीला हात टेकला. "ते दाजीनं घेतली होती. वैष्णवीच्या लग्नात, माह्यासाठी. मनकर्णाबाईले ताप होता, म्हून सोताच गेल्ते दुकानात. फॉल लावून आनला अन् मले म्हने, द्वारकाबाई, आता हे फिरवता येनार नाही तुले, नेसाच लागन."

रामकिसनच्या तोंडून निघाले ते एवढेच: "मंग नेसली काहून नाही?"

"पोत आली का नेसनार होती." ती डोळे पुसत म्हणाली. "तुमच्या नेमातून एवढी एक बाजूले ठेवली होती म्या."

दारामागे पिठाची पिशवी ठेवून जाणाऱ्या माणसाची वस्तू आपण त्याच्याच विधवेला भावाचा आहेर म्हणून घातली, आणि वर शाबासकी घेतली, हे रामकिसनला आता दिसत होते; आणि ते कोणत्याही मुद्द्यात मांडता येत नव्हते. तो तडक बाजारात गेला. गावातल्या जैन मंदिराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गर्दीतून वाट काढीत त्याने एक कापडाचे दुकान गाठले, बरी वाटली ती पहिली साडी घेतली, भाव केला नाही. पोतीचे पैसे त्यात गेले. एक ऑटोही वाशीमपर्यंत ठरवून आणला. बहिणीला बसने न्यायचे त्याच्या जिवावर आले.

मनकर्णाबाई बंद गिरणीच्या ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. त्याने साडी त्यांच्याजवळ ठेवली.

"अक्का, हे घे. मले माहीत नव्हतं."

"तुले माहीत नव्हतं, हे मले समजलं."

"हे नेस. ते काढून ठेव."

"काहून काढू?" त्या पदराकडे पाहत म्हणाल्या. "सगळ्या जिंदगीत त्याईनं सोताच्या मनानं एकच लुगडं घेतलं, ते बी तुह्या बायकोले. मी दोन दिवस बोलली नव्हती त्याईच्याशी. म्हनलं, माह्यासाठी कधी गेल्ते का दुकानात?" त्यांच्या ओठांवर हसू आले आणि तिथेच मोडले. "आलं आता माह्या आंगावर."

रामकिसन खाली बसला. "मंग दोन्ही राहू दे."

"दुकान उघडं आहे तवर वापस करून ये. घडी मोडली नाही, घेईन तो. अन् द्वारकेची पोत सोडव. तिच्या गळ्याकडे पाहवत नाही."

"ऑटो आनला आहे, अक्का. चार दिवस घरी चाल."

"त्याले जाऊ दे. तुह्या घरच्या चार दिवसाईचा खर्च वाढवत नाही मी."

हे टोचून म्हटलेले नव्हते, आणि म्हणूनच ते रामकिसनला सोसले नाही. तो आयुष्यभर मुद्द्याला मुद्दा देत आला होता. शेवटचा जो उरला होता तो त्याने पुढे केला.

"चुकलं माह्यं. पन अक्का, रिकाम्या हातानं तं नाही आलो म्या? काहीतरी आनलं होतं न?"

मनकर्णाबाईंनी नवी साडी उचलून त्याच्या मांडीवर परत ठेवली.

"आंगावरचं लुगडं त्याईनं देल्लं, रामकिसन. माहेराहून मले काही आलं नाही."