दुसऱ्या बाजूला लावा

हॉलमध्ये चारशे माणसं बसली होती आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मंचावरच्या खुर्चीत एक आजोबा. त्यांच्या कानशिलावर एक जाडसर दांडी टेकवलेली, दांडीची वायर एका यंत्राला, आणि यंत्र दोन भल्यामोठ्या स्पीकरांना. त्यातून आजोबांच्या मेंदूतलं रक्त सगळ्या हॉलला ऐकू येत होतं. घस्स्, घस्स्, घस्स्.

"पाप बाहेर टाका!" प्रवाहगुरू गरजले. "जोरजोरात श्वास! आणखी जोरात!"

आजोबा भात्यासारखे फुसफुसायला लागले. अर्ध्या मिनिटात आवाज उतरला, पार बारीक झाला.

"ऐकलंत? शीर बंद! आणि डॉक्टर काय म्हणतात? गळा कापा!"

मग दोन मिनिटं प्रवचन झालं. रक्त म्हणजे नदी, अहंकार म्हणजे गाळ, वगैरे वगैरे. ते आटोपल्यावर गुरूंनी आजोबांच्या टाळूवर तळहात ठेवला. "आता श्वास रोखा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

दहा सेकंद, वीस, तीस. आवाज चढायला लागला. घस्स्चं घूस्स् झालं, सगळा हॉल त्याने भरला.

"उघडली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारची बाई हुंदके देऊन रडायला लागली. मी रडले नाही. सकाळपासून अकरा जणांच्या कानशिलांवर अशीच दांडी टेकवून मी आले होते आणि माझे पाय भयंकर दुखत होते.

हो, हेच माझं काम. रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक बिनखिडकीची खोली आहे, तिथे सोळा वर्षं मी असंच यंत्र चालवते. मानेतली धमनी अरुंद झाली की मेंदू आपलं रक्त कसं सांभाळून घेतोय ते बघायचं असतं. रुग्णाला अर्धा मिनिट श्वास रोखायला लावायचा, रक्ताचा वेग वाढतो का ते मोजायचं आणि कागद डॉक्टरांकडे पाठवायचा. त्यात चमत्कार कसला डोंबलाचा! कंबर मोडते, बस्स.

माझ्या दुसऱ्या बाजूला दादा बसला होता. माझा थोरला भाऊ, शिंपी. दोन महिन्यांपूर्वी कोटाचं कापड बेतताना त्याच्या उजव्या हातातून कात्री गळून पडली. दहा मिनिटं बोटं त्याची नव्हतीच. नंतर परत आली, म्हणून त्याने कोणाला सांगितलं नाही. वहिनीने सांगितलं. तपासणी केली तर मानेतली डावी धमनी जवळजवळ बुजलेली. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते. पुढच्या वेळी कात्री पडली तर ती उचलणारा हात उरेलच असं नव्हतं. ऑपरेशन गुरुवारचं ठरलं होतं.

आणि गेल्या रविवारी दादा इथे येऊन गेला!

"उघडली, ठमे. माझ्या कानांनी ऐकली," तो म्हणाला होता. लहानपणापासून मी त्याची ठमाबाई. "आता ऑपरेशन नको. कापलेलं कापड परत अखंड होत नाही, हे मी तुला सांगायला हवं का?"

"तिथून आल्यापासून हात जड वाटतोय म्हणाले," वहिनी मागून म्हणाली.

"ते झोपेत हात अंगाखाली आल्याने झालं असेल," दादा म्हणाला.

मी ओरडले, रागावले, आईची शपथ घालायची तेवढी बाकी ठेवली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यानेच तोडगा काढला. "तू एकदा येऊन ऐक. तुला त्यात खोट दिसली तर गुरुवारी मी मुकाट्याने ऑपरेशनला झोपेन."

म्हणून मी आले होते. दारात नावं लिहून घेणाऱ्या बाईने एकच प्रश्न विचारला होता, "कोणती बाजू?" दादाने सांगितलं, डावी. आम्हीही विचारतो, त्यामुळे मला तेव्हा काही वाटलं नाही.

पण आता मी बघत होते. आजोबा मघाशी सगळ्यांना सांगत होते, माझी उजवी बुजलीय. आणि दांडी होती डाव्या कानशिलावर. त्यानंतरच्या बाईची डावी बुजलेली, दांडी उजवीकडे. "शक्ती शुद्ध बाजूनेच शिरते!" गुरूंनी न विचारताच सांगून टाकलं. शिवाय दांडी धरताना ते करंगळी गालाच्या हाडावर टेकवत होते. हात हलू नये म्हणून तशी टेकवायची असते. सोळा वर्षांपूर्वी हे यंत्र विकायला आलेल्या माणसाने ते मला शिकवलं होतं. तो हाच की दुसरा, देव जाणे. (म्हणते हो मीसुद्धा, सवयीने.)

मी उठले. उठायची अजिबात इच्छा नव्हती. घरी जाऊन पाय वर करून पडावं, एवढंच वाटत होतं.

"गुरुजी, मला बसवा. माझी डावी."

त्यांनी अर्थातच उजवीकडे दांडी लावली. मी फुसफुसले. आवाज उतरला, डोकं गरगरलं. "बघा, बंद!" गुरू म्हणाले.

"बंद कशी असेल? माझ्या दोन्ही बाजू तपासलेल्या आहेत. ठणठणीत आहेत."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मी म्हटलं, "आता हात बाजूला घ्या. प्रवचनही नको." थोडा वेळ साधा श्वास घेतला आणि मग रोखला. आवाज आपोआप चढला, हॉलभर झाला.

"जोरजोरात श्वास घेतला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात," मी माइकवर सांगितलं. "श्वास रोखला की सैलावतात. तुमच्याही, माझ्याही, गुरुजींच्याही. याला टाळूवर हात लागत नाही. आणि बुजलेली शीर असणाऱ्याला असं फुसफुसायला लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आधीच कमी असलेलं रक्त आणखी कमी होतं."

"माझी शक्ती हॉलभर पसरली आहे!" गुरू दोन्ही हात वर करून म्हणाले. "बाई विरोध करतात, तरी त्यांचीही शीर उघडली!"

आणि काय सांगू, लोकांनी टाळ्या वाजवल्या!

तेवढ्यात दादा उभा राहिला. "महाराज, माझी डावी. आज डावीकडेच लावा."

"दूषित बाजूला आम्ही स्पर्श करत नाही."

"गेल्या रविवारी तुम्हीच उघडलीत ना?" दादा शांतपणे म्हणाला. गिऱ्हाइकाला बाही आखूड झाली म्हणून सांगतो, तसं. "उघडली असेल तर दूषित कशी? आणि दूषित असेल तर उघडलीत काय?"

आता टाळ्या नव्हत्या. मागून कोणीतरी ओरडलं, "लावा की, महाराज! होऊन जाऊ दे दूध का दूध!"

मी उठून दादाला खुर्चीत बसवलं आणि गुरूंना दांडी लावावी लागली. मी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "फुसफुसायचं नाही. फक्त श्वास रोख."

आवाज आला. दबका, भिंतीपलीकडून आल्यासारखा. दहा सेकंद, वीस, तीस. दादाचा चेहरा लाल झाला. आवाज होता तिथेच राहिला, केसभरही चढला नाही.

"आता उजवीकडे," मी म्हटलं. उजवीकडे आवाज भरभरून चढला.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "असं का गं?"

"घरी पाणी कमी दाबाने आलं की आपण नळ पूर्ण सोडतो, हो ना? तुझ्या मेंदूने डावीकडचे सगळे नळ कधीच पूर्ण सोडलेत. आता आणखी काय सोडणार? जरा पाणी कमी झालं, की..."

"कात्री पडते," दादा म्हणाला.

निम्मा हॉल उठून गेला. निम्मा बसून राहिला, कारण त्यांचे नंबर यायचे होते. एक बाई मला म्हणाली, "तुमची श्रद्धाच नाही, म्हणून असं झालं." मी दादाला घेऊन दाराकडे निघाले. वाद घालायला त्राणच नव्हतं.

रस्त्यात दादा म्हणाला, "ठमे, एक विचारू? तुझ्या खोलीत मी हीच तपासणी करून घेतली. तिथे मला काहीच कसं ऐकू आलं नाही?"

"आवाज बंद ठेवते मी. दिवसभर ऐकून डोकं उठतं."

"तू मला कागद दिलास. माझ्याच रक्ताचा आवाज मला पहिल्यांदा ऐकवला तो त्या लबाडाने." तो रागावला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. "मला समजेल असं तिथे मला कोणी काही सांगितलंच नाही गं. तूसुद्धा नाही."

खरंच होतं ते.

गुरुवारी ऑपरेशन झालं. दीड महिन्याने दादा माझ्या खोलीत आला, मानेवर बारीक व्रण घेऊन. "शिलाई बरी घातलीय," म्हणाला. मी स्पीकर मोठा केला, डावीकडे दांडी लावली आणि श्वास रोखायला सांगितलं. पंधराव्या सेकंदाला आवाज चढायला लागला. दादाचे डोळे मिटलेले होते, पाणी मात्र गालावर आलं होतं. माझ्याही.

प्रवाहगुरू आता पलीकडच्या शहरात आहेत म्हणे. हॉल मोठा आहे, गर्दीही. त्या सगळ्यांमागे धावणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून इथेच सांगते. कोणी तुमच्यावर चमत्कार करून दाखवला तर भांडू नका, शिव्या देऊ नका. एवढंच म्हणा: दुसऱ्या बाजूला लावून दाखवा. खरं असेल तर ते दोन्ही बाजूंना खरं ठरेल. आणि डॉक्टरांनी, आमच्यासारख्यांनी नुसता कागद हातात ठेवला तर उठू नका. हे काय आहे ते मला कळेल असं सांगा, म्हणून बसून राहा.

माझ्या खोलीत आता स्पीकर चालू असतो. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकतं. ठणकू दे.