शेवटचा धागा आणि पहिलं नाव

जिवंत पेशीच्या दोन पेशी होतात, तेव्हा अगदी शेवटी दोघींमध्ये एक धागा उरतो. इतका बारीक, की कोळ्याने पाहिला तर लाजून जाळं विणणं सोडेल. तो तुटतानाचं चित्रण आमच्या डॉक्टर मोरेनिकेबाईंना हवं होतं. नायजेरियातल्या इबादानच्या त्या प्रयोगशाळेत मी एकोणतीस वर्षं भिंगं पुसली, खोटं कशाला सांगू?

धागा तुटेना, कारण विभागप्रमुख प्राध्यापक फागबेमी. तासातासाला येऊन सूक्ष्मदर्शकात डोकावायचे. "काही दिसत नाही गं! उजेड वाढव!" उजेड वाढला की पेशी आखडून बसायच्या. भर चौकात दिवे लावून कोणी बाळंत होतं का?

अखेर प्राध्यापक परिषदेसाठी अबुजाला गेले. बाईंनी उजेड इतका उतरवला, की यंत्रच चाचपडू लागलं. पाचव्या तासाला धागा तुटला. मी तर 'टण्' असा आवाजही ऐकला.

प्राध्यापक परतले आणि त्यांनी शोधनिबंधावर पहिलं नाव स्वतःचं घातलं. पहिलं नाव गेलं, तर बाईंची नोकरी कायम होणार नव्हती. पण थोरामोठ्यांना नाही कोण म्हणणार? आमच्याकडे थोरांपुढे टेकतात तसे गुडघे टेकून बाई म्हणाल्या, "बरं, सर."

मी म्हटलं, "सर, निदान चित्रण तरी बघा."

पडद्यावर धागा तुटला.

"अरे, ही तर जुळी! उजवं आधी निघालं बघ."

"मग ते थोरलं का हो, सर?" मी विचारलं.

"बाबा लाशून, केस पिकले, अक्कल नाही पिकली! आपल्या योरुबा जमातीतल्याच आईच्या पोटचा ना तू? आधी येतं ते ताइवो, धाकटं. थोरलं केहिंदे त्याला पुढे पिटाळतं, जा, जग कसं आहे बघून ये. मग स्वतः सावकाश येतं."

"म्हणजे पुढचं ते हरकाम्या?"

"हरकाम्याच!"

"खरंय, सर. मग निबंधावर सगळ्यांच्या पुढे कोण आहे?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मोरेनिके, तू हो पुढे. माझं नाव शेवटी."

ही बातमी व्हरांड्यात फुटली. ज्यांनी पेशी कधी पाहिलीही नव्हती, अशा मंडळींनाही आपलं थोरपण आठवलं. निबंध छापून आला, बाई कायम झाल्या. पुढे त्यांचं नाव एकटं, आणि मागे शेवटच्या जागेसाठी अकरा थोरले, एकमेकांना कोपराने ढकलत, "आधी तुम्ही, आधी तुम्ही!"