सातव्या मजल्यावरचं रडणं

म्हसावदला चुडामण पाटलांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला खेटून उभं राहिलं की मोबाइलला रेंज येते, जरा बाजूला सरकलं की जाते. त्यांची मुलगी दीपमाला सकाळपासून त्या टाकीला अशी चिकटून होती, की शेजारच्या बायकांना शंका आली, पोरीचं कुणाशी काही जमलंय की काय.

जमलं-बिमलं काही नव्हतं. पोरीचा निकाल लागत होता, आणि तोही साऱ्या जगासमोर. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत ती व्हिडिओ गेमसाठी आवाज तयार करायची. पाऊस, लिफ्टचा खडखडाट, अंधारातली पावलं, सगळं तीच बनवायची. 'सातवा मजला' हा त्यांचा गेम आज बाजारात आला होता. त्यातलं शहर पन्नास-साठ वर्षांनंतरचं, माणसापेक्षा तारा जास्त. त्यातला गुप्तहेर मेलेल्या माणसाच्या मानेत वायर खुपसतो, त्याच्या डोक्यात शिरतो आणि खुनी शोधतो. शोधता शोधता तो सातव्या मजल्यावर पोचतो. तिथे एका बंद दारामागे एक बाई रडत असते. चुडामण पाटलांना हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हंजे भूतस्ना धंदा." त्यानंतर तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

दीपमाला आली होती श्रावणातल्या कानबाईच्या सणासाठी. रविवारी घरात देवी बसणार होती आणि आज तिच्या प्रसादाच्या रोटांचे, म्हणजे जाड पोळ्यांचे गहू घ्यायचे होते. पण मन थाऱ्यावर कुठे? ती खाली जाई, पाणी पिई, लगेच पुन्हा शिडी चढे. पायाला जणू भिंगरी लागली होती.

समीक्षा एकेक करून येत होत्या. पहिल्याने लिहिलं होतं, गुप्तहेर बोलतो तेव्हा सरकारी पत्रक वाचल्यासारखं वाटतं. दुसरा म्हणाला, मारामारी कंटाळवाणी आणि गेम मध्येच अडकतो. तिसऱ्याला कथा ही गुंतलेल्या वायरींसारखी वाटली, शेवटी कोणती वायर कुठे गेली कळत नाही म्हणे. दोन वर्षं खपून ही किंमत!

पण तिन्ही समीक्षांचा शेवटचा भाग सारखाच होता. सातव्या मजल्यावरचा आवाज. "असं भय मी कधी ऐकलं नव्हतं," एकाने लिहिलं होतं. "हे राक्षसाचं रडणं आहे की माणसाचं, ठरवता येत नाही." दुसऱ्याने कबूल केलं होतं, की दारापाशी पोचल्यावर त्याने हेडफोन काढून ठेवले आणि घरातले सगळे दिवे लावले. दीपमाला टाकीशेजारी एकटीच हसली. मग ते हसू आपोआप विरलं, कारण तो आवाज तिच्या मायचा होता.

मंगलाबाईचं रडणं पंचक्रोशीत माहीत होतं. दुखवट्याच्या घरी ती गेली, गळ्यात पडून हेल काढून बोलत रडली, की दगडालाही पाझर फुटे. गेल्या दिवाळीत दीपमालाने तिला विचारलं होतं, "माय, मन्हा खेळमा रडशी का?"

माय केवढी चिडली होती. "घरमा कोनी मरेल नही आनि मी रडू? अपशकुन शे तो!"

खरंच होतं ते. बोलून रडायचं ते कुणाला तरी, नाव घेऊन. उगाच रडायचं नसतं. दीपमालाने नाद सोडला होता. दोन दिवसांनी मायच आपणहून आली. "चाल, आन तुन्हं यंत्र." मागच्या खोलीत गोधड्या टांगून, दार लावून, पदराने सगळं तोंड झाकून माय रडली. अशी रडली, की दीपमाला यंत्र बंद करायचंच विसरली. काम झाल्यावर माय उठली, तोंड धुतलं आणि म्हशीला चारा टाकायला गेली.

पुण्याला जाऊन दीपमालाने तो आवाज खाली खेचला, लांबवला, त्याखाली यंत्रांची घरघर घातली. शेकडो वेळा तिने तो ऐकला. पण तो फक्त आवाज म्हणून. पदराआड घुसमटलेले शब्द काय आहेत, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. पोटच्या पोरीला नाही सुचलं, याला काय म्हणावं!

दुपारी कंपनीतून नवनीतचा फोन आला. तो गेमचा प्रमुख होता आणि आज हवेत तरंगत होता.

"दीपमाला, बघितलंस? लोक वेडे झालेत! सगळे एकच विचारतायत, नवल कोण?"

"कोण नवल?"

"तुझ्याच आवाजात आहे ना! कोणीतरी मागची घरघर काढून टाकलीय आणि शब्द लावलेत. मला वाटलं, तूच मुद्दाम पेरलंस. जबरदस्त! ऐक, या नावावर दुसरा भाग उभा करू. संध्याकाळपर्यंत सांग, कोण आहे हा. पत्रकार मागे लागलेत."

दीपमालाने गेमच्या चर्चेचं पान उघडलं. धुळ्याकडच्या कुणी खेळणाऱ्याने लिहिलं होतं, मित्रांनो, ही कुठलीही बनावट भाषा नाही, ही आमची अहिराणी आहे. त्याखाली शब्द होते. 'मन्हा नवल, बारसापावतबी थांबना नही रे. तुले कोनी रडनं नही रे, राजा.' आणि त्याखाली जगभरच्या लोकांचे तर्क. नवल हा खुनी आहे. नवल हा यंत्रमानव आहे. नवल हा गुप्तहेर स्वतःच आहे.

घरात नवल नावाचं कुणी नव्हतं. वडील चुडामण, भाऊ हेमकांत. मायच्या माहेरी मामा वगैरे, त्यांतही नवल नाही. बारशापर्यंत न थांबलेलं पोर कुणाचं? उत्तर समोर होतं आणि त्याच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. जगाने आपल्या घरातला माणूस शोधून काढला आणि आपल्याला तो माहीतही नाही, याची तिला लाज वाटली. रागही आला, कुणाचा ते कळेना.

ती खाली आली, तेव्हा ओसरीत गहू घेणं सुरू झालं होतं. मंगलाबाई सुपापुढे बसली होती आणि थोरली जाऊ भिकुबाई शेजारी. घरातल्या नि भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, अशी रीत. मूठ मंगलाबाई काढायची, वरचा पाव भिकुबाई चिमटीने टाकायची.

"चुडामण," मंगलाबाई म्हणाली. मूठ, चिमूट. "हेमकांत." मूठ, चिमूट. भिकुबाईचा नवरा झाला, तिची पोरं झाली, नातू झाले. नावं संपली.

मंगलाबाईने अजून एक मूठ घेतली. नाव न घेता सुपात कडेला टाकली.

"झायं!" भिकुबाई टाळी देत हसली. "यंदाबी एक मूठ जास्ती. दरसाल तुन्ही गनती चुकस व मंगला."

"जाऊ दे, गायले व्हई," मंगलाबाई नेहमीचंच बोलली.

घरातली ही जुनी थट्टा होती. दीपमाला लहानपणापासून त्यात हसत आली होती. पोरगी शाळेत पहिली आणि मायला दहा मुठी मोजता येत नाहीत! आज तिला हसू आलं नाही. ती त्या बिननावाच्या मुठीकडे बघत राहिली. भिकुबाई पाणी प्यायला आत गेली, तशी ती मायजवळ बसली.

"माय, नवल कोन व्हता?"

मंगलाबाईचा हात गव्हातच थांबला.

"तुले कोनी सांगं?"

"तूच. त्या रडामा."

माय गव्हातले खडे वेचू लागली. गव्हात खडे नव्हते. "तुन्हा आगोदरना. मन्हा पहिला," ती हळूच म्हणाली. "बारसं व्हयनं नही, म्हनीसन नाव नही. सासू बोलनी, बिननावना पोऱ्याले रडानं नही, मांगून येनारं पोर टिकत नही. मंग तू पोटमा उनी. तू टिकाले पाहिजे व्हती. मी तोंड दाबी ठेवं."

"आनि नाव?"

"नाव मी ठेवं. मनमा."

दीपमालाला रडू फुटलं. आपण टिकावं म्हणून जे रडणं गिळलं गेलं, ते आपणच यंत्रात घालून विकलं होतं. आणि मायने काय केलं होतं? उगाच रडू नये म्हणून, ज्याचं रडणं बाकी होतं, त्याला रडून घेतलं होतं.

"काय म्हनतस मग तुन्हा लोके?" मायने विचारलं. "चांगलं झायं का मन्हं काम?"

खोटं बोलणं दीपमालाला जमलं नाही. "भीतस, माय. दिवा लाईसन बसतस. म्हनतस, इतलं भेव कधी वाटनं नही."

मंगलाबाईने चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. "भीतस? कसाले? मी त त्याले बोलाई ऱ्हायनी व्हती."

हातातला फोन थरथरला. ओसरीत रेंजचा एक दांडा कुठूनसा भटकत आला होता आणि नवनीतचा निरोप घेऊन आला होता. 'ठरलं का? नवल कोण?' दीपमालाने लिहिलं, 'ते नाव आपलं नाही. त्याच्यावर काहीही करायचं नाही. केलं, तर आवाज परत घेईन.' तेवढ्यात दांडा गेला. ती धावत गच्चीवर गेली, टाकीला चिकटली, निरोप गेल्याची खूण बघितली आणि तशीच खाली आली.

भिकुबाई सूप उचलायच्या बेतात होती. "हाई जास्तीनी मूठ काढी टाकू का?"

"नको, काकू," दीपमाला म्हणाली. "ती जास्तीनी नही. तिले नाव शे." ती मायकडे बघत थांबली. मायने डोक्यावरचा पदर नीट केला. मग दीपमालाने मोठ्याने, ओसरीभर ऐकू जाईल असं म्हटलं, "नवल."

भिकुबाईचा हात सुपाच्या काठावर तसाच राहिला. मंगलाबाईच्या तोंडाकडे बघितलं, तसं नाव कुणाचं ते तिला उमगलं. त्या घरात ती थोरली. त्या बाळाला आंघोळ तिनेच घातली होती. इतकी वर्षं ती या मुठीला हसत आली होती. मग ती खाली बसली, पोत्यातून चिमूटभर गहू घेतले आणि त्या मुठीवर वरचा पाव टाकला.