सासू-जावयाच्या मधली झारी

मी एक जुनी झारी आहे. माझ्या पोटावर अर्धे सूर्यफूल आहे. मित्रांनो, ते कुणी हौसेने रंगवलेले नाही. मी मूळची तेलाचा डबा. बाजारातल्या आंब्याखाली बसणाऱ्या पत्रेवाल्याने मला कापले, ठोकले, जुन्या छपराच्या पत्र्याची नळी आणि मूठ जोडली, नळीच्या तोंडाला भोकाभोकांची चाळणी बसवली. त्या ठोकाठोकीत फुलाचा वरचा भाग गेला. मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही. तेल महिनोन् महिने पोटात तसेच पडून असते. पाणी मात्र रोज नवे असते.

मला घरी आणले नाचिसालेने. एक कोंबडी आणि टोपलीभर कांदे देऊन तिने मला घेतले. त्या व्यवहारात आपण फसलो असे ती पुढे कित्येक वर्षे सांगत असे, आणि तितकीच वर्षे मला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

तिची परसबाग घरामागे ओढ्यापर्यंत उतरत जाते. पाऊस थांबला, मका कणगीत गेला, की आमचे दिवस सुरू होतात. आधी मोहरीचा पाला, मग कांदे, मग टोमॅटो आणि कडेने भोपळ्याचे वेल. सकाळी आणि उन्हे उतरल्यावर मी ओढा ते वाफा, वाफा ते ओढा अशा किती खेपा केल्या याची मोजदाद नाही. कोरड्या दिवसांत सगळ्या वाडीची जमीन तांबडी पडायची, तेव्हा आमचा उतार मात्र हिरवागार असायचा. शेजारणी पाला मागायला यायच्या आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणायच्या, "झारी गुणाची आहे हो!" नाचिसालेला ते आवडत नसे. पाणी घालणारी आपण आणि गुणाची झारी, असे तिला वाटे.

पण पत्रा तो पत्राच. माझे बूड गंजले, त्याला भोक पडले. चाळणी एकदा ओढ्यात पडली ती वाहून गेली. घरात निळी प्लास्टिकची बादली आली आणि मी स्वयंपाकघराच्या मागे जाऊन पडले. तिथे एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. मी पाणी वाहून नेणारी, आणि तीन आठवडे अंडी उबवत बसले. पिल्ले गोड होती, ते खोटे कशाला बोलू. पण रोज संध्याकाळी ओढ्याचा आवाज ऐकू आला की जीव कासावीस व्हायचा.

अशात जायलोस आमच्या घरी नांदायला आला.

आमच्याकडे मुलगी सासरी जात नाही, जावई येतो. जायलोस लिंबे शहरात दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन चालवायचा. नाचिसालेची मुलगी लिनेस तिकडे मावशीकडे राहायला गेली होती, तेव्हा दोघांचे जमले. सायकलच्या मागे मशीन, वर चटई आणि घोंगडी बांधून स्वारी वाडीत आली, तेव्हा त्याचे मऊ हात बघून लोक हसले. "हा आता कांद्यांना काजं-बटणं लावणार!" असे कुणीतरी मोठ्याने म्हणालेसुद्धा.

जावयाची पारख करण्याचे काम मामाचे. लिनेसचा मामा बिझेकी, नाचिसालेचा थोरला भाऊ, पोटाने मोठा आणि शब्दाचा पक्का. त्याने लग्नातच सांगून टाकले, "टोमॅटो लाल झाले की मी येईन. बाग उभी असली तर जावई राहील. बाग बसली तर चटई गुंडाळायची आणि लिंबेची वाट धरायची. मूल आमच्या घराचं आहे, ते इथंच वाढेल." लिनेसला तेव्हा दिवस गेलेले होते. जायलोसने खाली मान घालून ऐकून घेतले. बायको आणि अजून न पाहिलेले मूल, दोन्ही एका बागेवर पणाला लागले होते, आणि बागेतले त्याला ओ की ठो कळत नव्हते.

शिकवणार कोण? बागेचे सगळे ज्ञान सासूकडे. पण आमच्याकडे पहिले मूल होईपर्यंत जावयाने सासूच्या समोर यायचे नाही, तिच्याशी बोलायचे नाही. ती वाटेने येताना दिसली की त्याने वाट सोडून बाजूला खाली बसायचे. ती त्याची अदब आणि तो तिचा मान. काही सांगायचे असेल तर मध्ये लिनेस होती. ती इकडचे तिकडे सांगायची, थोडी साखर पेरूनच सांगायची.

लिनेसचे दिवस भरत आले. आमच्या भागात बाया बाळंतपणाआधी महिनाभर दवाखान्याच्या आवारात जाऊन राहतात. लिनेस गेली, सोबतीला तिची थोरली मावशी गेली, आणि त्यांच्याबरोबर निळी बादलीही गेली. घरात उरले एकमेकांशी न बोलणारे सासू-जावई.

बादली नाही म्हटल्यावर जायलोस भांडे शोधत स्वयंपाकघरामागे आला. त्याने कोंबडीला हळूच उठवले, मला उचलून उन्हाकडे धरले आणि बुडाच्या भोकातून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता भिरकावतो. पण त्याने सायकलच्या ट्यूबचे दोन गोल तुकडे कापले, एक आतून, एक बाहेरून लावला आणि मधून बोल्ट पिळून भोक बंद केले. दुधाच्या डब्याच्या झाकणाला दाभणाने बारीक बारीक भोके पाडून नवी चाळणी केली. शिंप्याची भोके ती! पाणी असे मऊ पडू लागले की माझे मलाच नवल वाटले.

माणूस मेहनती होता, पण मेहनत कुठे करायची ते त्याला कळत नव्हते. आमच्याकडे पहाटे अंगण झाडून लख्ख केलेले असले की घर चांगले मानतात. जायलोसने अंगण झाडले. मग न्हाणीघरापर्यंतची वाट झाडली. आणि मग, आपण आळशी नाही हे सगळ्यांना दिसावे म्हणून, त्याने बागेतले वाफेही झाडून काढले. रोपांच्या बुडाशी अंथरलेले सगळे वाळके गवत गोळा केले आणि पेटवून दिले. वाफे अगदी अंगणासारखे चकचकीत दिसू लागले. तो कमरेवर हात ठेवून समाधानाने बघत उभा राहिला. मी जवळच होते. मला ओरडता येत असते तर!

चार दिवसांत माती तडकली. भर दुपारी पाणी घातले तरी ते वाफ्यातून वाफ होऊन जाई. टोमॅटोच्या रोपांनी माना टाकल्या.

पाचव्या दिवशी नाचिसाले बागेत आली. जायलोस झटकन केळीच्या मागे जाऊन खाली बसला. तिने उघडे वाफे पाहिले, राखेचा ढीग पाहिला. तिने बोलायला तोंड उघडले, मग मिटले. पुन्हा उघडले. मध्ये लिनेस नव्हती. तेवढ्यात तिची नजर बांधावर ठेवलेल्या माझ्यावर पडली. ती केळीकडे पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली.

"काय गं झारीबाई," ती म्हणाली, "तुझ्या मालकाला भर उन्हात उघडं निजवलं तर कसं वाटेल त्याला? रोपांच्या अंगावरचं पांघरूण कुणी जाळलं?"

केळीची पाने हलली. मग बारीक आवाज आला, "झारीबाई, त्यांना सांग, मला कचरा वाटला. अंगण झाडतात तसं झाडलं."

"अंगणात टोमॅटो लावतात का, विचार त्याला!"

"नाही लावत, म्हणावं."

"आणि दुपारी पाणी कशाला? रोपं उकडून खायचीत का?"

"नाही खायची, म्हणावं. आता काय करायचं, तेवढं सांगतील का विचार."

नाचिसाले बराच वेळ माझ्या अर्ध्या सूर्यफुलाकडे बघत राहिली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "ओढ्यापलीकडे गवत आहे, झारीबाई. तुझा मालक कापड कापतो म्हणे. गवत कापायला जमतं का बघू."

त्या संध्याकाळपर्यंत सगळे वाफे पुन्हा झाकले गेले.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे! रोज सकाळ-संध्याकाळ दोघेही माझ्याशीच बोलत. "झारीबाई, पाणी पानांवर नको, बुडाशी घाल." "झारीबाई, मावा पडलाय, चुलीतली राख भुरभुरव." "झारीबाई, फांदीच्या काखेतले फुटवे काढायचे असतात, हे लिंबेत शिकवत नाहीत वाटतं?" केळीमागून उत्तर यायचे, "लिंबेत फक्त माणसांच्या काखेचं माप घेतात, म्हणावं." एकदा तर नाचिसाले तोंडावर हात धरून हसली. मी पाहिले, म्हणूनच सांगते.

टोमॅटो वाढले तशी त्यांना काठ्या लावाव्या लागल्या. जायलोसने चिंध्यांच्या गाठोड्यातल्या लाल-पिवळ्या पट्ट्यांनी एकेक रोप हळुवार बांधले. शेजारीण एथेलिया कुंपणावरून ओरडली, "अगं बाई! तुमचे टोमॅटो लग्नाला निघालेत का?" नाचिसालेने तिच्याकडे पाठ फिरवली. मला मात्र म्हणाली, "आज तुझं पाणी मऊ पडतंय गं." ते कुणाचे कौतुक होते हे तिघांनाही कळले.

पण एथेलियाचे डोळे जसे चांगले, तसे कानही. बागेतून दिवसातून दोनदा सासू आणि जावई दोघांचे आवाज येतात, ही बातमी तिने मामाच्या वाडीपर्यंत पोचवली. टोमॅटो पुरते लाल व्हायच्या आतच बिझेकी मामा दारात हजर झाला. त्या दिवशी त्याने जेवायलाही मागितले नाही, यावरून काय ते समजा.

तो बागेत उभा राहिला. जायलोस समोर केळीजवळ खाली बसला. नाचिसाले स्वयंपाकघराच्या भिंतीआड थांबली.

"बाग उभी आहे," मामा म्हणाला. "ते दिसतंय मला. पण लोक म्हणतात, माझी बहीण जावयाशी बोलते. मूल जन्मायच्या आत! आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत."

"मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही," भिंतीआडून आवाज आला. "मी झारीशी बोलत होते."

"आणि तू रे?"

"मीपण झारीशीच, मामा."

मामाने मला उचलले. उलटे केले. बुडाशी बोट फिरवले. "हे ठिगळ कुणी लावलं?"

"मी."

"फुटकी होती तर नवी का नाही आणलीस? शहरातला ना तू?"

"फुटकी नव्हती, मामा. नुसती गळत होती."

मामाने ओढ्यातून मला काठोकाठ भरले आणि हातात धरून सगळ्या बागेला एक फेरी मारली. हळूहळू, प्रत्येक रोपापाशी थांबत. त्याची नजर टोमॅटोपेक्षा आपल्या पॉलिश केलेल्या बुटांकडेच जास्त होती. मी बूड घट्ट आवळून धरले होते. मित्रांनो, एक थेंब पडला असता तर मी स्वतःला कधीच माफ केले नसते.

फेरी संपली. बूट कोरडे होते. तरी मामा भुवया आवळून ठिगळाकडेच बघत राहिला. तेव्हा भिंतीआडून नाचिसालेचा आवाज आला. 

"झारीबाई, माझ्या भावाला सांग. हा जावई चटई गुंडाळून निघाला, तर त्याच्या पाठोपाठ मीही माझी चटई गुंडाळीन. मग दादाला पाला कोण पाठवतं ते बघते."

केळीजवळ बसलेल्या जायलोसने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. त्याचे खांदे हलत होते. मामाने एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे, आणि मग त्याचे मोठे पोट गदगदा हलू लागले.

"झारीबाई," तो मला म्हणाला, "त्या दोघांनाही सांग, मला भूक लागली आहे."

त्या दिवशी त्याने न्सिमाचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे, चार मोठे गोळे मोहरीच्या पाल्याबरोबर आणि बारीक सुक्या मासळीबरोबर फस्त केले. जाताना तीन अर्धकच्चे टोमॅटोही खिशात घातले.

पुढच्याच आठवड्यात लिनेस आली. पाठीला लाल-पिवळ्या कापडात मुलगी आणि हातात निळी बादली. रीतीप्रमाणे जायलोसने सासूपुढे एक कोंबडी ठेवली आणि पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिले. आता बोलायची मोकळीक होती. सगळे कान टवकारून उभे. एथेलिया तर कुंपणावर चढायचीच बाकी होती. नाचिसालेने कोंबडी घेतली, नातीच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "जावईबापू, उन्हं उतरली. झारी भरा."

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. माझ्या बुडाला तीन ठिगळे आहेत. सूर्यफुलाच्या फक्त दोन पाकळ्या उरल्या आहेत. ती निळी बादली केव्हाच तडकली आणि तिला कुणी शिवू शकले नाही. मी कमी पाणी घेते, पण बागेत असते. नाचिसालेला आता कमी ऐकू येते आणि राग मात्र पूर्वीइतकाच येतो. परवा ती रुसली. "आता माझा काय उपयोग? बाग तुम्हीच बघता," म्हणाली आणि जेवेना. लिनेसने समजावले, नातीने गळ्यात हात टाकले, पण व्यर्थ. मग जायलोसने मला ओढ्यातून भरून आणले, तिच्या चटईशेजारी ठेवले आणि तिच्याकडे पाठ करून मोठ्याने म्हणाला, "झारीबाई, त्यांना सांग, टोमॅटोची रोपं तयार आहेत. त्यांनी येऊन सांगितल्याशिवाय मी एकही लावणार नाही."

नाचिसालेने कूस बदलली. मग तिचा सुरकुतलेला हात माझ्या बुडाशी आला. तिने एकेक ठिगळ चाचपून पाहिले.

"झारीबाई," ती म्हणाली, "त्याला सांग, आधी जेवायला वाढ म्हणावं. मग उठते."

मित्रांनो, तुमच्याही घरामागे कुठेतरी एखादी झारी पडली असेल. तिच्यात कोंबडी बसली असेल किंवा कोळ्याने जाळे विणले असेल. तिला टाकून देण्याआधी एकदा उचला आणि उन्हाकडे धरून बघा. कदाचित ती फुटकी नसेल. नुसती गळत असेल.