उत्तरेच्या भिंतीतल्या अकरा खोबणी

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी नगरपालिकेचे इमारत निरीक्षक रिटसी लिओटा आयझनरच्या तळघरात उतरले. उत्तरेच्या भिंतीजवळ चार तुळयांच्या टोकांत त्यांनी स्क्रूड्रायव्हर खुपसला. चारही वेळा तो मुठीपर्यंत आत गेला. गुरुवारपर्यंत दुरुस्ती करा, नाहीतर घर रिकामं करा, असं ते लेखी देऊन गेले.

लिओटा एकाहत्तर वर्षांची, मरे आयझनरची विधवा. याच घरात तिची पंचेचाळीस वर्षं गेली होती. मुलगी कोरिन संध्याकाळी हॅलिफॅक्सहून आली ती रिकामी खोकी घेऊनच. वृद्धाश्रमातली एक खोली तिने आधीच बघून ठेवली होती.

"आई, खिडकीतून समुद्र दिसतो तिथून."

"इथूनही दिसतो," लिओटा म्हणाली आणि सुतार सेल्विन निकलला फोन लावला.

मंगळवारी सेल्विन जॅक घेऊन आला. आंबवलेल्या कोबीचं पिंप बाजूला सारून तो भिंतीपाशी वाकला. वरच्या बैठकीच्या लाकडी जमिनीच्या अकरा तुळया काँक्रीटच्या भिंतीतल्या अकरा खोबणींत टेकल्या होत्या. प्रत्येक खोबण सिमेंटने चोपून बंद केलेली होती.

"कोण गं हा गाढव?"

"मी."

सेल्विन वळला.

"सत्त्याऐंशी साली," लिओटा म्हणाली. "फटींतून वारा यायचा, पाय गारठायचे. मरेची थापी घेतली आणि दोन दिवसांत सगळ्या बुजवल्या. मरे म्हणाला, छान केलंस."

"छानच केलंयस. केकवर साखर लिंपल्यासारखं. अगं, ती अर्ध्या इंचाची फट मुद्दाम ठेवलेली असते. काँक्रीटची ओल लाकडात उतरते. टोकाभोवती हवा खेळली तरच ते सुकतं. तू त्याचं नाक दाबलंस."

"भाषण पुरे. काय करायचं ते सांग."

करायचं ते असं होतं. तुळई जॅकवर तोलायची, कुजलेलं टोक कापायचं, भिंतीला बोल्टने जाड आडवी फळी पक्की करायची आणि तुळईचं नवं टोक फळीवरच्या लोखंडी पकडीत बसवायचं. म्हणजे लाकूड काँक्रीटला शिवतच नाही. बुधवारी दुपारी चारही तुळया पकडीत बसल्या. सेल्विन हत्यारं आवरू लागला.

लिओटाने छिन्नी उचलली.

"आता काय?"

"उरलेल्या सात मोकळ्या करते."

"रिटसीने चारच सांगितल्यात. बाकीच्या उन्हाळ्यात बघू."

"बुजवल्या मी. फोडणारही मीच."

पाचवी, सहावी, सातवी आणि आठवी कोरडी निघाली. नवव्या खोबणीतलं सिमेंट निखळलं आणि त्याच्यासोबत मूठभर काळा भुसा तिच्या बुटांवर पडला. तिने छिन्नीचं टोक लाकडावर दाबलं. ते लोण्यात शिरावं तसं शिरलं.

जिन्यावर उभ्या कोरिनने ते पाहिलं. "आई, हे उद्यापर्यंत होणार नाही."

सेल्विन म्हणाला, "पकडी संपल्यात. शनिवारी मिळतील. लिओटा, तिथे तात्पुरतं सिमेंट थाप. रिटसी त्याच्या चार बघेल, सही करेल आणि जाईल."

"परत थापू? तेच?"

 सेल्विनने जॅक उचलून नवव्या तुळईखाली लावला आणि जमीन तोलून धरली. दहावी आणि अकरावी लिओटाने अंधार पडायच्या आत फोडली. दोन्ही धड होत्या.

गुरुवारी दहाला रिटसी आले, तेव्हा सेल्विनही तळघरात होता. नव्या पकडींकडे त्यांचं लक्ष जाण्याआधीच लिओटाने त्यांना नवव्या तुळईपाशी नेलं आणि हातात स्क्रूड्रायव्हर दिला.

"ही पाचवी कुजकी. तुमच्या कागदात नाही."

रिटसींनी टोक तपासलं, जॅक हलवून पाहिला. मग बाकीच्या सहा तुळया टोचून बघितल्या आणि वहीत बराच वेळ लिहिलं.

"बाईसाहेब, ही दाखवली नसती, तर तुम्ही आज मोकळ्या झाला असतात."

"राहायचं मला आहे इथे. तुम्हाला नाही."

"सोमवारपर्यंत मुदत. तोवर बैठकीत पाऊल ठेवायचं नाही. स्वयंपाकघराच्या बाजूलाच राहायचं, झोपायचंही तिथेच."

ते गेल्यावर कोरिन म्हणाली, "मग बैठकीतला पलंग स्वयंपाकघरात कसा आणायचा?"

"सेल्विन, किती वजन पेलेल तो जॅक?"

"तुम्ही दोघी बारीक आहात. एकदाच जा, स्वयंपाकघराकडच्या भिंतीच्या कडेने. उड्या नकोत."

कोरिनने बैठकीच्या दारातलं रिकामं खोकं पायाने बाजूला सारलं. लिओटाने पलंगाचं डोक्याकडचं टोक धरलं, कोरिनने पायाकडचं.

"उचल," लिओटा म्हणाली.